पंखांतील तडे आणि तपासणी

महोदय,

२०१० मध्ये हवेत इंजिन फुटलेल्या एका एअरबस ए-३८० विमानाच्या दुरुस्तीदरम्यान, पंखातील फासळ्या बाह्य आवरणाला जोडणाऱ्या छोट्या कंसांना बारीक तडे गेल्याचे आढळले आणि २०१२ मध्ये युरोपीय विमान सुरक्षा यंत्रणेने सेवेतील सर्वच ए-३८० विमानांची तपासणी सक्तीची केली. तड्यांचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता. ठिसूळ मिश्रधातू आणि जुळणीत आलेला ताण ही त्यांची कारणे होती. तातडीचा धोका नाही, हे उत्पादकाचे म्हणणे खरे असेलही. पण दुरुस्तीसाठी पंख उघडावाच लागला नसता तर? पुढे कंस बदलले, तरी २०१९ मध्ये पंखाच्या मागील तुळईतही तडे सापडले. म्हणून जुन्या विमानांच्या पंखांची आतून तपासणी अधिक लवकर व्हावी आणि तिचे निष्कर्ष प्रवाशांसाठी जाहीर करावेत.

– एक वाचक