टँकरच्या जागी स्फटिक येण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रसायनशास्त्राचे २०२५ चे नोबेल ८ ऑक्टोबरला जाहीर झाले. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना ते मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे ज्यांना या क्षेत्रातली मंडळी सरळ ‘मॉफ’ म्हणतात, त्या पदार्थांसाठी मिळाले. आपल्या विज्ञान पुरवणीने या विषयाला अर्धे पान दिले त्याबद्दल आभार; क्रिकेटच्या मोसमात अर्धे पान म्हणजे चैनच. पण त्या अर्ध्या पानाचा मथळा ‘हवेतून पाणी काढणारी पावडर’ असा होता, चौकटीत मराठवाड्याच्या टँकरचे छायाचित्र होते आणि मजकुरात मॉफला दोनदा ‘नवा धातू’ म्हटले होते. माझी सारी नोकरी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. त्यातही इनऑरगॅनिक (असेंद्रिय), म्हणजे मुले ज्याला नुसते पाठांतर समजतात तो भाग, बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायचा. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी टँकरचा हिशेब करू. याघी यांच्या गटाने २०१९ मध्ये मॉफ-३०३ नावाचा ॲल्युमिनियमचा मॉफ अमेरिकेतील मोहावी वाळवंटात नेऊन तपासला. आर्द्रता १० टक्क्यांपर्यंत उतरलेली, आणि तरीही एक किलो पावडरीमागे दिवसाला ०.७ लिटर पाणी मिळाले. प्रयोगशाळेत, ३२ टक्के आर्द्रतेत, हाच आकडा १.३ लिटर होता. इतक्या कोरड्या हवेतून पाणी काढता येते हीच थक्क करणारी गोष्ट आहे, तिला आणखी तिखटमीठ लावायची गरज नव्हती. ०.७ लिटरच्या दराने १०,००० लिटरचा एक टँकर रोज भरायचा तर १४ टनांहून जास्त पावडर लागेल. एका टँकरसाठी! तेच पाच माणसांच्या घराला नुसते पिण्यापुरते, माणशी तीन लिटर पाणी हवे असेल, तर एकवीस-बावीस किलोत भागते. म्हणजे दुर्गम वस्तीवरच्या शाळेसाठी किंवा चौकीसाठी ही वस्तू उद्या कामाची ठरू शकते. पण जनावरे, धुणीभांडी, बाग यांचे पाणी तिच्यातून येणार नाही. हा गुणाकार छापायला दोन ओळी पुरल्या असत्या, आणि वाचकाला खरे काय ते कळले असते.

आता मॉफ म्हणजे काय, ते सांगतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट ॲनालिसिस करताना मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अमोनियाचे पाणी थेंब थेंब घालतात. आधी फिकट निळसर साका येतो. आणखी अमोनिया घातला की साका विरघळतो आणि परीक्षानळी एकदम गर्द निळी होते. अमोनियातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते; ती तो तांब्याच्या आयनाला, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला, देतो आणि त्याला बिलगतो. हाच को-ऑर्डिनेशन बंध. अमोनियाला मात्र असे टोक एकच, म्हणून साखळी तिथेच संपते. त्याऐवजी दोन्ही किंवा चारी टोकांनी धातूला धरणारा सेंद्रिय रेणू घेतला, तर धातू-रेणू-धातू-रेणू अशी बांधणी तिन्ही दिशांना चालू राहते आणि आत मोकळ्या खोल्या असलेला स्फटिक तयार होतो. मॉफ तो हाच. तो नवा धातू नव्हे. धातूचे आयन त्यात फक्त सांध्यांवर असतात. बाकी सारी इमारत सेंद्रिय रेणूंची, आणि खरा माल म्हणजे मधली पोकळी.

या कामाची सुरुवात वर्गातल्या साहित्यापासून झाली, हे मला शिक्षक म्हणून फार आवडते आणि आपल्या लेखात ते नव्हते याचे वाईट वाटते. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात रॉबसन यांना विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची रेणूंची मॉडेल्स करून घ्यायची होती. कोणत्या गोळ्याला कुठे भोक पाडायचे, हे वर्कशॉपला आखून द्यायचे काम त्यांचे. भोके योग्य जागी पाडली की मॉडेल हवे त्या आकारातच जुळते, कारण आकाराची सगळी माहिती त्या भोकांच्या जागेत असते, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. मग खऱ्या अणूंच्या बाबतीत हेच करून पाहिले तर? दहा-बारा वर्षांनी त्यांनी चार भुजांचा एक रेणू घेतला, त्याच्या प्रत्येक टोकाला नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनची जोडी), सांध्याला तांब्याचे आयन, आणि हिऱ्यासारखी पण आतून पोकळ रचना मिळवली. तो शोधनिबंध १९८९ चा. पदार्थ ठिसूळ होता, सहज कोसळायचा. पुढे जपानमध्ये कितागावा यांनी या वाटेवर काम सुरू केले तेव्हा त्यांना अनुदान नाकारले गेले. अस्थिर पदार्थ आणि उपयोग काहीच नाही, असा शेरा होता. १९९७ मध्ये त्यांच्या मॉफने मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत घेऊन परत सोडून दाखवला, तेव्हा कुठे लोक ऐकू लागले.

याघी यांचा १९९९ चा मॉफ-५ हा सर्वांत गाजलेला. त्यात जस्त आणि टेरेफ्थॅलिक ॲसिड. होय, ज्यापासून पॉलिएस्टरचे कापड आणि पाण्याच्या बाटल्या होतात तेच. याच्या दोनेक ग्रॅमच्या आतली सगळी पृष्ठे पसरली तर फुटबॉलचे मैदान भरते. रिकामा असतानाही तो ३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. पण दमट हवेत उघडा ठेवला की पाण्याचे रेणू जस्त-ऑक्सिजनच्या बंधात शिरतात आणि स्फटिक ढासळतो. आपल्याकडचा जुलै महिना त्याला सोसणार नाही.

नेमक्या याच टप्प्यावर खरे इनऑरगॅनिक रसायनशास्त्र कामाला येते, आणि नेमका हाच भाग बातम्यांतून गळतो. बंध पक्का हवा तर जास्त विद्युतभाराचा धातू घ्या. म्हणून ऑस्लो विद्यापीठात २००८ मध्ये झिर्कोनियम वापरले. त्याचा आयन चार धनभारांचा, ऑक्सिजनला घट्ट धरणारा. तो मॉफ पाण्याला दाद देत नाही. हवेतून पाणी काढण्याचे २०१७ चे गाजलेले यंत्रही झिर्कोनियमच्याच मॉफवर चालत होते. पण झिर्कोनियम महाग, म्हणून पुढे ॲल्युमिनियम आले आणि मॉफ-३०३ झाला. एक धातू सोडून दुसरा घ्यायचा, आणि त्याला साजेसा सेंद्रिय रेणूही निवडायचा. आवर्तसारणी का पाठ करायची असे मुलांनी आज विचारले असते, तर मी हे उदाहरण दिले असते.

दुसरी वाट अशी की जस्त तसेच ठेवा, त्याला धरणारा रेणू बदला. या वाटेवर जे झाले ती माझ्या मते गेल्या काही वर्षांतली मॉफची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, नोबेलच्या मानकऱ्यांत ती करणाऱ्यांचे नाव नसले तरी. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने काल्फ-२० नावाचा मॉफ केला. त्यात जस्त, ऑक्झॅलेट आणि ट्रायॅझोल आहे. आमच्या सांगली भागात द्राक्षावर भुरी रोगासाठी हेक्झाकोनॅझोल फवारतात, त्या औषधाच्या रेणूत हेच ट्रायॅझोलचे कडे असते. कच्चा माल अपूर्वाईचा नाही. ट्रायॅझोलचे नायट्रोजन जस्ताला असे धरतात की पाण्याच्या वाफेतही बांधणी सुटत नाही. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड या खोल्यांत शिरतो, पक्क्या रासायनिक बंधाने न अडकता नुसत्या ओढीने थांबतो, आणि थोडी वाफ दिली की बाहेर पडतो. हल्ली याच कामासाठी वापरतात त्या अमाइनच्या द्रावणांना धरलेला वायू सोडायला खूप उष्णता लागते, इथे ती वाचते. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत असेल तर तो पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडलाच पसंती देतो. कॅनडातच रिचमंड येथील एका सिमेंट कारखान्यात लहान प्रमाणावर त्याची चाचणी झाली. २०२३ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने वर्षाला काही शे टन इतके उत्पादन जमल्याचे जाहीर केले. ग्रॅमपासून शेकडो टनांपर्यंतचा हा प्रवास मला मथळ्याच्या लायकीचा वाटतो.

आणि यात आपल्या पुरवणीच्या दृष्टीने एक गोष्ट अशी की काल्फ-२० वरचा ‘सायन्स’ या नियतकालिकातला २०२१ चा मुख्य शोधनिबंध उघडला तर लेखकांत तिसरे नाव रामनाथन वैद्यनाथन यांचे आहे. हे पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचे. त्याच संस्थेत सुजित घोष यांचा गटही मॉफवर काम करतो. शेजारच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, राहुल बॅनर्जी काही वर्षे होते. याघी यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या इमिडॅझोलेट या सेंद्रिय रेणूच्या मॉफवरच्या २००८ च्या शोधनिबंधाचे ते पहिले लेखक, आता ते आयसर कोलकात्यात आहेत. नोबेलच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला स्टॉकहोमचे छायाचित्र मिळाले, पण या संस्था जिथे आहेत त्या पुण्यातल्या पाषाणला फोन करायचे कोणाला सुचले नाही.

टँकरऐवजी महाराष्ट्राचा खरा संबंध कुठे आहे, तेही सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते, आणि शुद्ध चुनखडी भाजली की शंभर किलोमागे चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी कोळशावर चालवा की उद्या सौर विजेवर, हा चव्वेचाळीस किलोंचा आकडा बदलत नाही, कारण तो वायू इंधनातून नव्हे, दगडातून येतो. वीजनिर्मितीला पर्याय आहेत, चुनखडीला अजून तरी सोयीचा पर्याय नाही. म्हणून वायू धुराड्यातच धरणाऱ्या पदार्थाची गरज सिमेंटला सर्वांत जास्त. धरलेला वायू ठेवायचा कुठे, हा निराळा प्रश्न. त्यात रसायन कमी आणि पैसा जास्त आहे.

आपल्या विज्ञान प्रतिनिधींवर माझा राग नाही. परदेशी वृत्तसंस्थेचा मजकूर संध्याकाळी सहाला येतो आणि पान नऊला सुटते, हे मला कळते. पण नोबेल दरवर्षी ऑक्टोबरातच येते, आणि वर्षाचे बाकी अकरा महिने पुरवणीला मोकळे असतात. त्यातल्या एखाद्या रविवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत जाऊन विचारा की एक किलो मॉफ करायला आज किती खर्च येतो, त्यातला धातूचा वाटा किती आणि सेंद्रिय रेणूचा किती, पावडरीच्या गोळ्या करताना किती पोकळी बुजते, आणि पावसाळ्यातल्या दमट धुरात तो किती दिवस टिकतो. मग हेच प्रश्न चंद्रपूरच्या एखाद्या कारखान्याच्या तांत्रिक व्यवस्थापकाला विचारा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापा. आणि आपल्या संकेतस्थळावरच्या लेखात ‘नवा धातू’ अजून तसाच आहे. तेवढा कृपया आजच काढा, कारण बारावीची मुले तिथूनच उतरवून घेतात.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापक,
सांगली