ठमी रविवारी येते आहे

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचा आवाज मला नीट ऐकू येत नाही आणि आई मध्येच "ते नको म्हणतायत" असे सांगून विषय संपवते, म्हणून मुद्दाम सविस्तर पत्र लिहिते आहे. निर्णय झाला आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या शेजारच्या जोशींची कुत्री ठमी येत्या रविवारी साताऱ्याला तुमच्याकडे राहायला येते आहे. मी आणि सुहास तिला गाडीतून घेऊन येऊ, दोन-चार दिवस तिथेच राहू आणि तिची घडी बसली की मगच परत फिरू. तुमचा होकार न घेता ठरवले याचा राग येईल, तो हक्काने यावा. पण पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावे, आणि बाबांना वाचून थकवा आला तर आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

तुम्ही पुण्याला येणार नाही, हे मी मनापासून मान्य केले आहे. गोडोलीचे घर, अंगणातला पारिजातक, अजिंक्यतारा दिसणारी बाबांची खिडकी हे सगळे सोडून आमच्या सातव्या मजल्यावर तुमचा जीव रमणार नाही. आर्याची दहावी आणि माझी नोकरी यांमुळे मलाही तिकडे येऊन राहता येत नाही, आणि रात्री आडवे झाले की हेच मनात सलत राहते. शेजारचे जोशी पती-पत्नी कायमचे परदेशी निघाले आणि त्यांनी ठमीसाठी घर शोधायला सुरुवात केली, तेव्हा तिच्यासाठी योग्य घर कोणते हे मला लगेच दिसले. ते घर आमचे नाही, तुमचे आहे.

दिवाळीत तुम्ही इथे होतात तेव्हाचा एक प्रसंग तुमच्या लक्षात नसेल, पण मी तो दारातून पाहिला आहे. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. उजवा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा व बोटे जपमाळेचे मणी ओढावेत तशी हलत होती. ठमी आली, समोर बसली आणि तिने हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर अलगद टेकवली. बाबांनी हात उचलला, तिच्या कानामागून मानेपर्यंत सावकाश फिरवला, परत वर नेला, परत फिरवला, आणि तो हात फिरत होता तोवर थरथरत नव्हता. मी नंतर डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की पार्किन्सन्सच्या आजारातला कंप मुख्यतः हात विसावलेला असताना होतो आणि हेतूने हालचाल केली की तो पुष्कळदा ओसरतो. म्हणजे त्यात चमत्कार नव्हता. पण बाबा, हात हलवावा असे तुम्हाला आतून वाटणे, हीच गोष्ट गेल्या दोन वर्षांत किती दुर्मीळ झाली आहे, हे आपण तिघेही जाणतो.

तुम्ही जन्मभर गणित शिकवलेत, तेव्हा पुराव्याशिवाय मान्य करणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी वाचले ते लिहिते, आणि ज्यात खोट आहे ती खोटही लिहिते. दक्षिण आफ्रिकेत ओडेंडाल आणि माइंट्जेस या दोन संशोधकांनी 2003 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे शांतपणे कुत्र्याला कुरवाळत असताना त्यांच्या रक्तातले जिव्हाळ्याशी जोडलेले ऑक्सिटोसिन, वेदना शमवणारे एंडॉर्फिन आणि डोपामिन वाढले आणि ताणाचे कॉर्टिसोल उतरले. ऑक्सिटोसिन आणि डोपामिन कुत्र्यांच्या रक्तातही वाढलेले आढळले. तुमच्या आजारात मेंदूत डोपामिनच कमी पडते, म्हणून तो शब्द वाचून मी क्षणभर हरखले होते. परंतु रक्तातले डोपामिन मेंदूत शिरत नाही, आणि तुमच्या मेंदूतल्या ज्या पेशी ते तयार करतात त्या ठमीमुळे परत येणार नाहीत. त्यासाठी गोळीच हवी, तीही वेळेवर. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या नागासावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवले, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले तर दोघांचेही ऑक्सिटोसिन वाढते. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसे आढळले नाही. आई आणि तान्हे मूल यांच्यात जे घडते, त्याच जातीचे हे काहीतरी आहे. टोकियोत अकरा हजारांहून अधिक ज्येष्ठ नागरिकांची माहिती तपासून 2023 मध्ये निष्कर्ष आला, की कुत्रा पाळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी होती, आणि मांजर पाळणाऱ्यांत मात्र असा फरक नव्हता. ज्यांना चालण्याफिरण्याची सवय होती आणि जे माणसांत मिसळत होते, त्यांच्यात हा लाभ अधिक ठळक होता. मुळात धडधाकट माणसेच कुत्रा पाळतात म्हणून असे दिसते का, ही शंका तुम्ही काढाल आणि ती रास्त आहे. म्हणूनच मी ठमीला औषध म्हणत नाही. कुत्रा बाहेर न्यावा लागतो, नेला की शेजारी थांबतात, बोलतात, आणि बोलावे लागते, एवढी साखळी मात्र मला पटते.

आई, तुला वाटते की बाबा रागावून गप्प बसतात. तसे नाही ग. कशात मन न लागणे, उदास वाटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, आवाज बारीक होणे, वीजबिलाच्या वहीतले अक्षर मुंगीएवढे होणे, हे सगळे त्या आजाराचेच भाग आहेत, स्वभावाचे नाहीत. ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा, त्या बाबांना मोठ्याने बोलण्याचे व्यायाम करायला सांगितले, तर ते दोन दिवसांत सोडून देतात, कारण भिंतीशी कोण बोलेल? ठमीला "बस", "थांब", "चल" हे शब्द कळतात, पण ते खणखणीत म्हणावे लागतात. दिवाळीत बाबांनी तिला "बस" म्हटले ते स्वयंपाकघरात ऐकू आले होते आणि तू पोळी लाटता लाटता थांबली होतीस.

आता तुझ्याविषयी. रक्तदाबाची गोळी तू नेमाने घेतेस, तरीही रात्री बाबा कुशीवर वळले की तू दचकून उठतेस आणि सकाळी आकडा वर गेलेला असतो. अमेरिकेत कॅरन ॲलन यांनी रक्तदाब असलेल्या 48 शेअर दलालांवर केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना एकच गोळी दिली आणि त्यांतल्या निम्म्यांना घरी पाळीव प्राणी आणायला सांगितले. विसाव्याच्या वेळचा रक्तदाब गोळीने दोन्ही गटांत सारखाच उतरला, पण मनावर ताण आला की जो चढतो, तो प्राणी पाळणाऱ्यांत बराच कमी चढला. तुझा रक्तदाब हा नेमका त्या दुसऱ्या प्रकारचा आहे, असे मला वाटते. घरात तुझ्याखेरीज आणखी कोणीतरी जागे आहे, एवढे जरी तुझ्या मनाने घेतले, तरी तुला दोन तास सलग झोप मिळेल.

पिल्लू आणायचे म्हटले असते तर मीच आडवी आले असते. पिल्लू चपला चावते, पायांत घुटमळते, अंगावर उड्या मारते, आणि बाबांना एक धक्कासुद्धा परवडणारा नाही. ठमी सहा वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, तिचा दांडगटपणा केव्हाच सरला आहे. कुकरच्या शिट्टीला ती दचकत नाही. दारावरची बेल वाजली तर उठून पाहते आणि पुन्हा पडून राहते. पट्टा ओढत नाही. कोणी रडत असेल तर जवळ येऊन नुसती बसते; आर्याच्या चाचणी परीक्षेनंतर मी ते पाहिले आहे. सारा उपयोग या शांतपणाचा आहे. अस्वस्थ कुत्रे घर अस्वस्थ करते आणि अस्वस्थ घर कुत्र्याला बिघडवते. स्वीडनमध्ये 2019 च्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या आणि मालकांच्या केसांतले कॉर्टिसोल तपासले, तेव्हा अनेक महिन्यांचा ताण दोघांत बरोबरीने वरखाली होताना दिसला. तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, की औषधांवरून तिच्यासमोर भांडू नका. तिच्यामागेही नका भांडू.

तुझे सोवळे मोडणार नाही, आई. उंबऱ्यापाशी "थांब" म्हटले की ती थांबते, आणि पहिल्या दिवसापासून देवघराचा आणि स्वयंपाकघराचा उंबरा तिला शिकवायचा. तरीही मन घेईना, तर देवघरातल्या दत्तगुरूंच्या तसबिरीकडे एकदा पाहा. त्यांच्या पायाशी बसलेल्या चौघांना तू दर गुरुवारी हळदकुंकू लावतेस, ते लहानपणी मला फार आवडायचे.

बाबा, तुम्ही नको का म्हणता हे मला माहीत आहे. मोत्या गेला त्या पावसाळ्यात तुम्ही नानाकाकांबरोबर मळ्यात गेलात आणि परत आल्यावर कोणाशी बोलला नाहीत. रात्री वीज कडाडली तेव्हा मी नेहमीसारखी तुमच्या पांघरुणात शिरले आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिलात. त्यानंतर घरात कुत्र्याचा विषय निघाला नाही, आणि मीही कधी काढला नाही. लॅब्रॅडॉर साधारणपणे दहा ते बारा वर्षे जगतात. ठमीच्या पुढच्या वर्षांची, तिच्या आजारपणाची आणि जे काही होईल त्या सगळ्याची जबाबदारी माझी. तिचे म्हातारपण मी काढीन. तुम्हाला ते एकट्याने पाहावे लागणार नाही, हा माझा शब्द आहे. आणि तुम्हाला ती खरोखरच झेपली नाही, तर एक फोन करा, मी त्याच आठवड्यात तिला पुण्याला घेऊन येईन आणि त्यावरून कधी काही बोलणार नाही.

आता पुढचे मात्र ऐकायचेच. सकाळी साडेसहाला बाबांची गोळी, सातला ठमीचे खाणे, आणि त्यानंतरच बाबांचा नाश्ता. गोळी आणि प्रथिनांचे खाणे यांच्यात निदान अर्धा तास हवा, हे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. ठमी सातच्या आधीच भांड्याकडे पाहत बसते, त्यामुळे गोळीची वेळ टळणार नाही. तिचे भांडे जमिनीवर ठेवू नये, आजीच्या जुन्या चौरंगावर ठेवावे, म्हणजे बाबांना वाकून उठताना चक्कर येणार नाही. तिचे अंथरूण कोणत्याही दाराच्या वाटेत घालायचे नाही. दारातच बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि फिजिओथेरपिस्टनी पाऊल उचलायला खूण म्हणून तिथे चिकटवलेल्या पांढऱ्या पट्ट्या उघड्या दिसल्या पाहिजेत. परदेशात काही कुत्र्यांना अशा वेळी माणसाच्या पायाला स्पर्श करून पाऊल सुटे करायला शिकवतात. ठमीला ते शिक्षण नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. रात्री मार्गिकेतला दिवा चालू ठेवायचा आणि तिच्या गळ्यातले घुंगरू काढायचे नाही, म्हणजे ती कुठे आहे ते अंधारातही कळेल.

फिरायला नेण्यासाठी शांताबाईंचा अक्षय सकाळ-संध्याकाळ येईल, त्याच्याशी पैशांचे माझे बोलणे झाले आहे. मुख्य पट्टा त्याच्या हातात राहील. बाबांसाठी दुसरा हलका पट्टा मी घेतला आहे, तो मनगटाला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा आणि ओढ लागली तर सोडून द्यायचा. तळ्यापर्यंत जाऊन आलात तरी पुष्कळ झाले. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे तिला विषासारखे आहेत, त्यामुळे आई, तुझी आमटी आणि शिरा कितीही प्रेमाने द्यावासा वाटला तरी द्यायचा नाही. कंदी पेढेही नाहीत, बाबा, लपून तर मुळीच नाहीत. साधा भात आणि थोडे दही चालेल. तिची रेबीजची आणि इतर लशींची वही मी बरोबर आणते आहे, पुढच्या तारखा कॅलेंडरवर मीच लिहून जाईन. पशुवैद्यकांकडे न्यायचे, नखे कापायची, अंघोळ घालायची यांतले काहीही तुम्ही करायचे नाही. तुम्ही फक्त तिच्याजवळ बसायचे, आणि बाबांनी तिच्याशी मोठ्याने बोलायचे.

आम्ही रविवारी अकरापर्यंत पोहोचतो. जेवणाचा घाट घालू नकोस, पिठले-भात कर. अंगणातल्या फाटकाची कडी नीट लागत नाही, ती शनिवारपर्यंत दुरुस्त करून घ्यायला मी अक्षयला सांगितले आहे. तो विसरला तर मला फोन कर, बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुमची,
मनू