शून्य तक्रारी म्हणजे सारे आलबेल नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत फलकावर 'या महिन्यात तक्रारी : ०' असे अभिमानाने लिहिलेले दिसते. हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत तोच आकडा वार्षिक सादरीकरणात येतो. मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना या शून्याची काळजी वाटते. शे-दोनशे माणसे दिवसाचे आठ-नऊ तास एकत्र राबतात आणि सहा महिन्यांत कुणाचे काहीच दुखत नाही, असे होत नाही. दुखणे सांगायची वाट अडलेली असते.

कुठे अडली आहे, हे एक फेरी मारली तरी कळते. तक्रारपेटी बहुधा मनुष्यबळ विभागाच्या दाराशी, सीसीटीव्हीच्या टप्प्यात टांगलेली असते आणि किल्लीही त्याच विभागाकडे. तिथे चिठ्ठी टाकायला कोण धजावेल? पेटी कॅन्टीनबाहेर हात धुण्याच्या जागेजवळ लावावी. कुलपे दोन असावीत आणि एक किल्ली कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधीकडे द्यावी. ठरलेल्या वारी दोघांनी मिळून पेटी उघडावी आणि सात दिवसांत उत्तर तिथल्याच फळ्यावर लिहावे. 'हे जमणार नाही, कारण अमुक' हेही उत्तरच. नकार मिळालेला माणूस पुन्हा चिठ्ठी टाकतो. उत्तरच न मिळालेला टाकत नाही.

कंत्राटी कामगाराची भीती वेगळी. तोंड उघडले तर उद्यापासून 'गेट बंद', आणि कागदावर मात्र त्याला कंत्राटदाराने काढलेले असणार. म्हणून त्याची तक्रार कंत्राटदाराच्या सुपरवायझरमार्फत घेऊच नये. तक्रारीनंतर तीन महिन्यांच्या आत कुणाचा गेटपास रद्द झाला, तर कारखाना व्यवस्थापकाने स्वतः कारण तपासावे. आणि अर्ज मराठी-हिंदीत छापावा.

आयटीत पेटीची जागा ऑनलाइन सर्वेक्षणाने घेतली आहे. लिंक प्रत्येकाला कंपनीच्या ईमेलवर वेगळी येते, त्यामुळे आपले नाव कळणार असे लोक धरूनच चालतात. चार जणांच्या टीमची सरासरी मॅनेजरला दाखवली की नाराज कोण, हे तो चहा संपायच्या आत ओळखतो. त्यात अप्रेझल (पगारवाढीआधीचे कामाचे मूल्यमापन) तोंडावर असेल तर सगळे पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात. आठपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नये. प्रश्न दहा-बारा पुरेत. अप्रेझलपासून दोन महिने तरी अंतर ठेवावे आणि निकाल दोन आठवड्यांत, वाईट आकड्यांसकट, सर्वांपुढे मांडावा. मग दोनच मुद्दे हाती घेऊन प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचे नाव आणि तारीख घालावी. पंधरा मुद्द्यांचे आराखडे एप्रिलमध्ये होतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

खरे तर सर्वेक्षणाआधीच पुष्कळ कळू शकते. वर्षाच्या आत राजीनामे कोणत्या टीममधून येतात, रजा कुठे वाया जातात, रात्री साडेनऊचे कॉल दर आठवड्याला त्याच माणसांच्या वाट्याला का येतात, हे सारे नोंदींत असते. कारखान्यात थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही ज्या शिफ्टला कोरी, त्या शिफ्टकडे आधी जावे.

पण सगळी मेख पहिल्या मिनिटात आहे. कुणी चूक सांगायला आला आणि सुपरवायझर खेकसला, 'आत्ता सांगतोस? आधी काय झोपला होतास?', की आजूबाजूची दहा माणसे ते ऐकतात आणि पुढे तोंड उघडत नाहीत. टोयोटाच्या लाइनवर अडचण दिसलेल्या कामगाराने दोरी ओढली की आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. या विचाराचे मूळ टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या कापड विणायच्या मागात आहे. त्यांचा १९२४ चा माग सूत तुटले की आपोआप थांबत असे. आपल्याकडेही अशा दोऱ्या आणि इशाऱ्याचे दिवे लागले आहेत, पण ओढणाऱ्याला शिफ्ट संपताना थांबलेल्या मिनिटांचा जाब विचारला जातो. मग सदोष भाग पुढे ढकलला जातो आणि ग्राहकाकडून परत येतो. सुपरवायझरला दोन दिवसांच्या व्याख्यानापेक्षा एवढाच सराव द्यावा : आधी 'सांगितलंस ते बरं झालं', मग काय, कधी, कुठे, आणि शेवटी उत्तर कधी देणार ती वेळ. चूक कुणाची, हा प्रश्न त्या मिनिटात नको.

लैंगिक छळाच्या तक्रारींचा शून्य तर डोळ्यांत तेल घालून तपासावा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला, किमान निम्मे सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार करण्याची मुदत तीन महिने. कारण पटल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीवर कोण आहे, हे झाडलोट करणाऱ्या आणि कॅन्टीनमधल्या बायकांना विचारून पाहावे. त्यांना सांगता आले नाही, तर भिंतीवरचा फलक असून नसल्यासारखा.

पुण्यातल्या कंपन्यांना आमची विनंती आहे की त्या एका शून्याच्या जागी तीन आकडे लिहा : किती तक्रारी आल्या, किती सात दिवसांत मिटल्या आणि सर्वांत जुनी किती दिवस पडून आहे. तिसरा आकडा दर सोमवारी प्लँटप्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहावा.

– मनुष्यबळ क्षेत्रात काम करणारे काही जण, पुणे