पुनर्विकासाआधी वास्तुविशारदांची नोंद व्हावी

महोदय,

दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क परिसरातील १९३०च्या दशकातल्या निवासी इमारती पुनर्विकासासाठी एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि त्या कोणी रचल्या याची साधी नोंदही बहुतेक वेळा मागे राहत नाही, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईच्या वास्तुकलेचा विषय निघाला की जॉर्ज विटेट यांचे नाव पुढे येते आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स (आताच्या छत्रपती शिवाजी महाराज) वस्तुसंग्रहालयाचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावर बेतताना नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानींचा मंडपही त्याच इमारतीत सामावून घेणाऱ्या या स्कॉटिश वास्तुविशारदाने इथल्या बांधकामाची परंपरा मन लावून अभ्यासली होती, यात शंका नाही. परंतु विटेट यांनीच रचलेल्या, १९१३ साली कोनशिला बसलेल्या आणि १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाच्या कामावर अभियंता म्हणून देखरेख करणारे रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई किती वाचकांना ठाऊक आहेत? जिथे गेटवेची ही स्थिती, तिथे तीन मजली निवासी इमारतींच्या कर्त्यांची आठवण कोण ठेवणार?

गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२-१९७३) यांचेच उदाहरण घ्या. मरीन ड्राइव्हवरील सूना महल आणि ओव्हल मैदानासमोरील एम्प्रेस कोर्ट या त्यांच्या इमारती. २०१८ साली युनेस्कोने या भागातील व्हिक्टोरियन गॉथिक (टोकदार कमानींची एकोणिसाव्या शतकातली शैली) आणि आर्ट डेको (१९३०च्या सुमाराची गोलाईदार, भौमितिक नक्षीची शैली) वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला; तरीही म्हात्रे यांचे नाव वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे पोहोचलेले नाही. एका मराठी वास्तुविशारदाबद्दल मराठी वाचकांतच असलेले हे अज्ञान मला अस्वस्थ करते.

दादर-माटुंगा भाग या मान्यतेच्या हद्दीबाहेर आहे. १८९६च्या प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेने हवा-उजेडाचा विचार करून रुंद रस्ते व मोकळ्या जागा आखल्या आणि पुढे तिथे चाळीऐवजी स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेले ब्लॉक उभे राहिले. मध्यमवर्गाचे राहणे त्यामुळे मुळापासून बदलले. त्या इमारतींतला एखादा जिना नीट पाहावा: वळणावर हाताला कुठेही कोपरा न लागू देणारा कठडा, पायऱ्यांवरचे मोझॅक, दुपारी दिवा न लावताही उजेड देणारी उंच उभी जाळी, आणि बाहेर, प्रत्येक खिडकीवर पावसाची झड अडवणारा, कोपऱ्यावर गोलाई घेऊन पुढे जाणारा सलग छज्जा. आपल्या पावसाचा आणि उन्हाचा इतका बारीक विचार आजच्या काचेच्या मनोऱ्यांत मला तरी दिसत नाही.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. खाऱ्या हवेने सळया गंजून फुगतात, काँक्रीटचे पोपडे छतावरून सुटतात, वृद्ध रहिवाशांना लिफ्टविना तीन मजले चढावे लागतात. अशा घरांत राहणाऱ्यांना केवळ वारशाच्या नावाखाली अडवून धरणे अन्यायाचे होईल. मागणी एवढीच की, इमारत पाडण्याची परवानगी देताना महापालिकेने तिचे मोजमापासह नकाशे व छायाचित्रे सादर करण्याची अट घालावी आणि मूळ वास्तुविशारदाचे नाव व बांधकामाचे वर्ष असलेला फलक नव्या इमारतीच्या दर्शनी भागात लावणे विकासकाला बंधनकारक करावे. मोजमापाच्या कामात वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी आनंदाने सहभागी होतील, असा माझा विश्वास आहे. आजच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ची सुरुवात १९१७ साली जे. जे. स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनीच केली होती आणि तिचे पहिले अध्यक्ष विटेट होते, हे या संदर्भात आवर्जून सांगावेसे वाटते.

गृहनिर्माण संस्थांनाही विनंती आहे. कार्यालयाच्या कपाटात ट्रेसिंगच्या कापडावरील मूळ नकाशे असतील, तर जागा रिकामी करताना ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांची प्रत काढून एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्यावी आणि नकाशावर वास्तुविशारदाची सही असल्यास ते नाव संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावे.

आपला,
एक वाचक, माटुंगा, मुंबई