भूमितीला कोण वाली?

संपादक साहेब, नमस्कार,

दहावीचा सीझन आला की व्हॉट्सअॅपवर 'आयएमपी' प्रश्नांच्या पीडीएफ फिरायला लागतात आणि पोरं पुस्तक सोडून त्याच्याच मागे. गणित भाग 1 आणि भाग 2 दोन्ही 40-40 मार्कांचे, तरी सगळा जोर बीजगणितावर, भूमिती मात्र शेवटच्या आठवड्यात. समरूपता नि वर्तुळाची प्रमेयं पाठ करतात, आकृतीतली अक्षरं बदलली की गाडी अडली! विज्ञानात तेच, लेन्सची किरणाकृती स्वतः पट्टी घेऊन काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही हो, पण क्लासवाले आयत्या नोट्स देतात आणि पालक पण खूश. शाळांनी जानेवारीत निदान प्रमेयं तरी पोरांकडून फळ्यावर सोडवून घ्यावीत.

– एक पालक, सातारा