नुसते टिकवून काय होणार?

महोदय,

‘शाश्वत’ हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झाला आहे. आहे ते टिकवा, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. पण कस गेलेली जमीन आहे तशी टिकवून काय साधणार? १९८०च्या दशकात अमेरिकेतील सेंद्रिय शेतीचे प्रचारक रॉबर्ट रोडेल यांनी पुनरुज्जीवक शेतीचा, म्हणजे जमिनीचा गेलेला कस परत आणणाऱ्या शेतीचा विचार पुढे आणला, तो याच मुद्द्यावर. नांगरट कमी, पिकांची फेरपालट आणि जमीन उघडी न ठेवणे, ही त्यातली मुख्य सूत्रे. पालापाचोळ्याचे आच्छादन बाजूला सारून माती हातात घ्या. ती भुसभुशीत, ओलसर लागते. तिच्यातून पहिल्या पावसासारखा वास येतो. त्यामागे मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. चमचाभर सुपीक मातीत असे अब्जावधी जीव नांदतात, आणि वरचा एक सेंटीमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

जमिनीसारखाच माणसाचाही कस परत यायला उसंत लागते. शाळेत मात्र आपण एका परीक्षेतून दुसऱ्या परीक्षेत मुलांना ढकलतो. मध्ये विसाव्याला जागाच नाही. मोठ्यांचीही तीच गत. सुट्टीतसुद्धा फोन चालूच (मीही त्यातलाच). निदान वेळापत्रकातला एखादा मोकळा तास तरी मुलांना परत द्यावा.

– एक वाचक