मॉडेलच्या मोटरीला फ्यूज लावायचा तर आधी करंट मोजा

महोदय,

शाळांना सुट्टी लागली की मुंबईत रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, बोटी, रणगाडे बनवण्याची शिबिरे ठिकठिकाणी भरतात. मुलांना सोल्डरिंग शिकवतात, गिअर बसवायला शिकवतात. फ्यूजची वेळ आली की मात्र ‘तीस अँपिअरचा टाक, उडणार नाही’ एवढ्यावर भागवतात. उडणारच नसेल तर तो लावायचा कशाला? लिथियम पॉलिमर बॅटरी शॉर्ट झाली की शंभरावर अँपिअर सहज ओतते आणि बारीक वायरीचे आवरण काही सेकंदांत वितळते.

मोटरीवर छापलेल्या आकड्यावरून फ्यूज ठरत नाही. मोजावे दोनदा: पूर्ण भारावर चालताना आणि चाक धरून मोटर अडवल्यावर. दुसरे माप सेकंदभरातच उरकावे, नाहीतर मोटर तिथेच जळेल. बोट पाण्यात ठेवूनच मोजावी. हवेत पंखा फिरवून मिळालेला आकडा फारच कमी येतो. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखे धरायचे) फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा करंट मोजतात, बॅटरीचा नाही, आणि मल्टिमीटरची मर्यादा बहुधा 10 अँपिअर असते, म्हणून बॅटरीच्या वायरीत जोडायचा छोटा वॅटमीटर घ्यावा. तो सर्वोच्च करंट लक्षात ठेवतो.

समजा, 7.4 व्होल्टवर मोटर भारात 7 अँपिअर घेते आणि अडकली की 30. फ्यूजवर कायमचा भार त्याच्या क्षमतेच्या पाऊण हिश्श्यापर्यंतच असावा. 7 भागिले 0.75 म्हणजे सव्वानऊच्या आसपास, तेव्हा 10 चा लाल ब्लेड फ्यूज, म्हणजे गाड्यांत असतो तो चपट्या पातींचा. ब्लेड फ्यूज दुप्पट करंटला पाच सेकंदांच्या आत उडतो, साडेतीनपटीला अर्ध्या सेकंदात. मोटर अडकल्यावरचे 30 अँपिअर म्हणजे तिप्पट, तेव्हा तो वेळेत उडतो. त्याच जागी 30 चा हिरवा असेल तर तो ढिम्म हलणार नाही आणि दोनशेहून जास्त वॅटची उष्णता मोटरीच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्यांत, कोंडत राहील. सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याने 10 चा उडत असेल तर 15 चा निळा लावून पाहावा, पण सर्वांत बारीक वायर जेवढे सोसते त्याच्या वर कधीही जाऊ नये.

रणगाड्यात दोन मोटरी, तर फ्यूजही दोन हवेत. दोघींत मिळून 15 चा एकच असेल, तर एक पट्टा दगडात अडकून ती मोटर एकटी 14 अँपिअर खात बसली तरी फ्यूजला पत्ता लागत नाही. तीन वायरींच्या ब्रशलेस मोटरीत मात्र मोटर आणि तिचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर यांच्यामध्ये फ्यूज घालू नये. फ्यूज उडून एक वायर तुटली की कंट्रोलरच जाऊ शकतो. तिथे तो बॅटरीच्या धन टोकाला, जमेल तितका जवळ. रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरलाही वीज कंट्रोलरमधूनच मिळत असेल तर हा फ्यूज उडताच सुकाणूही जाते, म्हणून बोटीत रिसीव्हरला स्वतंत्र छोटी बॅटरी द्यावी. मॉडेल विमानात याच कारणाने मोटरीला सहसा फ्यूज लावत नाहीत.

दहाच्या पुढे काचेचा फ्यूज नको. त्याच्या होल्डरच्या स्प्रिंगा तापतात. होल्डरकडे तर कोणी पाहतच नाही. स्वस्त होल्डरवर 30 लिहिलेले असते आणि त्याला जोडलेली वायर असते सुतळीएवढी. त्यात मुंबईची खारट हवा! एका पावसाळ्यात पातींवर हिरवट थर चढतो, सांधा तापतो, प्लॅस्टिक मऊ होते आणि फ्यूज मात्र शाबूत दिसतो. तो थर बारीक पॉलिश पेपरने काढावा, पकड सैल झाली असेल तर होल्डर टाकून द्यावा.

काचेचा फ्यूज उडाला तर फेकण्यापूर्वी उजेडात धरावा. तार मधेच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर भार जास्त झाला: गिअर अडकला किंवा पंख्याला पिशवीचा तुकडा गुंडाळला गेला. काच काळी-चंदेरी झाली असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत दुसरा फ्यूज बसवू नये.

ब्लेड फ्यूज वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात, वॅटमीटर आणि होल्डरसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठावा. शिबिरे भरवणाऱ्यांना विनंती, की किटमध्ये होल्डर, मोजून ठरवलेला फ्यूज आणि त्याच मापाचे दोन सुटे फ्यूज द्यावेत. सुटा हाताशी नसला की मुले त्या जागी तार गुंडाळतात.

– एक वाचक, माहीम